भात चारला शिजला होता

सकाळी ७.३०

इन्क्युबेटरच्या काचेवरचे आकडे वहीत उतरवून दिवस सुरू होतो. एक ३७ अंशांचा, एक ३० अंशांचा, शिवाय दोन फ्रीज. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत रात्री वीज जाते-येते, म्हणून रात्रभराची तापमानाची नोंद पाहिल्याशिवाय मी कुठल्याही प्लेटला हात लावत नाही. तापमान तासन्‌तास ढळलेलं असेल तर आजची मोजणी ग्राह्य धरता येत नाही आणि ते सॅम्पल पुन्हा मागवणं जवळजवळ अशक्य असतं. ते तोपर्यंत खाऊन संपलेलं असतं.

आमच्याकडे अन्नाची जिवाणूतपासणी होते. दूध, खवा, पनीर, मसाले, कॅन्टीनचं जेवण आणि ते जेवण ज्या ओट्यावर, ज्या सुरीनं, ज्या हातांनी तयार झालं त्यांचे स्वॅब. वास मारणारं, तार सुटलेलं अन्न माणूस स्वतःच फेकतो, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या टेबलावर जे धोकादायक ठरतं, ते बहुतेक वेळा रंगाला, वासाला, चवीला चोख असतं.

सकाळी ८.१५

परवा लावलेल्या बेअर्ड-पार्कर प्लेट आज ४८ तासांच्या झाल्या. या माध्यमात अंड्याचा बलक आणि टेल्युराइट असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘स्टॅफ’, त्यावर वाढला की कॉलनी काळ्याभोर, चकचकीत दिसतात आणि भोवती स्वच्छ पारदर्शक वलय पडतं. हे खव्याचं सॅम्पल आहे. पहिल्या प्लेटवर कॉलनींची इतकी गर्दी की मोजणं शक्य नाही. पुढच्या डायल्युशनची प्लेट घेते, मार्कर पेनानं एकेक टिंब करत जाते. हिशेब ग्रॅममागे दोन लाखांच्या वर जातो.

युरोपीय संघाच्या नियमांत चीज आणि दूध पावडरीसाठी एक रेघ आखलेली आहे: या जातीचा स्टॅफ ग्रॅममागे एक लाखाच्या वर मिळाला, की त्या मालात त्याचं विष आहे का हे तपासावंच लागतं. कारण एवढी संख्या झाली की विष पुरेसं तयार झालेलं असू शकतं, आणि पुरेसं म्हणजे फार थोडं. एका मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी विष माणसाला आडवं करतं. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा-सात तासांत मळमळ, पोटात पीळ, उलट्यांमागून उलट्या. लग्नात दुसरी पंगत बसायच्या आत पहिल्या पंगतीतली मुलं ओकायला लागतात, ती बहुधा याच्यामुळे.

खवेवाल्यांना फोन केला की ठरलेलं उत्तर येतं. “मॅडम, त्याचे पेढे होणारेत. खवा परत भाजतोच की आम्ही. भाजल्यावर काय राहतंय?”

हा प्रश्न ते मनापासून विचारतात. आपल्या घरांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवलं गेलं आहे: शंका आली की उकळून घ्या. दुधाच्या बाबतीत, पाण्याच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही आहे. पण स्टॅफ भाजताना मरतो आणि त्यानं आधीच सोडलेलं विष जागच्या जागी राहतं. उकळत्या पाण्याच्या तापमानाला अर्धा तास ठेवलं तरी ते टिकतं. म्हणजे या खव्याच्या पेढ्यांचं सॅम्पल उद्या माझ्याकडे आलं, तर प्लेटवर एकही काळी कॉलनी दिसणार नाही आणि पेढा तरीही विषारी असू शकेल. अशा वेळी जिवाणू मोजून भागत नाही, विषच शोधावं लागतं. त्यासाठी एलायझाचे किट असतात आणि ते महाग असतात.

२००० साली हे जपाननं पाहिलं. स्नो ब्रँड ही तिथली नामांकित दूध कंपनी. ओसाकाच्या परिसरात तिचं कमी स्निग्धांशाचं दूध प्यायलेले १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. शोध घेत घेत तपास होक्काइदो बेटावरच्या तिच्याच दुसऱ्या कारखान्यापर्यंत गेला. तिथं मार्च महिन्यात वीज गेली होती, दूध काही तास कोमट राहिलं आणि त्यात स्टॅफ वाढला. पुढे त्याच दुधाची पावडर झाली. पाश्चरीकरणात जिवाणू मेले, विष पावडरीत उतरलं आणि तिथून ओसाकाच्या दुधात गेलं. नव्या मुलींना शिकवताना मी हीच गोष्ट आधी सांगते, कारण त्या कंपनीकडे यंत्रं होती, प्रशिक्षित माणसं होती, दूध तापवलंही गेलं होतं. हातातून निसटले होते ते कोमट राहिलेले काही तास.

सकाळी ९.३०

काळ्या कॉलनींपैकी पाच उचलून सशाच्या रक्तातल्या प्लाझ्मात सोडते. स्टॅफच्या कोअ‍ॅग्युलेज या विकरानं प्लाझ्मा गोठला की ओळख पक्की. पहिली पाहणी चार तासांनी. रिपोर्ट त्यानंतर निघेल, तरी खवेवाल्यांना आत्ताच सांगून ठेवते की माल बाजूला काढा. अंतिम आकड्याची वाट पाहणं नियमाला धरून आहे, पण दोन लाखांच्या प्लेटकडे पाहत मी दुपारपर्यंत गप्प बसू शकत नाही. ते सांगतात, निम्मा माल कालच गेला.

सकाळी १०.४५

चाकण. एका कारखान्याचं कॅन्टीन, तीन पाळ्या, प्रत्येक पाळीला काहीशे ताटं. डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायांत त्यांचे बूट. मुख्य आचारी काका सोलापूरकडचे, वयानं माझ्या वडिलांच्या आसपासचे. पहिल्या वेळी ते माझ्याकडे पोलीस आल्यासारखे पाहत होते. आता चहा विचारतात आणि मी कामाच्या वेळी घेत नाही हे त्यांना माहीत आहे.

स्वॅब घेण्यासाठी दहा बाय दहा सेंटिमीटरची निर्जंतुक चौकट असते. ती पृष्ठभागावर टेकवायची, ओला स्वॅब उभा-आडवा फिरवायचा, नळीत मोडून टाकायचा. नळीतल्या द्रावात जंतुनाशकाचा प्रभाव मारणारी द्रव्यं असतात. ती नसली तर ओट्यावर उरलेलं क्लोरीन नळीतच जिवाणू मारत राहील आणि ओटा खोटाच स्वच्छ ठरेल.

बघणाऱ्याला वाटतं मी ओटा तपासते. ओटा बहुतेक ठिकाणी चांगला निघतो, कारण तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो आणि मी येणार म्हटल्यावर पुसलेला असतो. मी जाते फ्रीजच्या मुठीकडे, मिक्सरच्या झाकणातल्या रबराकडे, भाजी कापायच्या यंत्रात पात्याच्या मागच्या बाजूला, नळाच्या चावीकडे. चॉपिंग बोर्डावर सुरीचे खोल चरे पडलेले असतात, त्या चऱ्यांमध्ये. आणि सगळ्यांत आधी, ओटा ज्यानं पुसला त्या फडक्याकडे. ओलं, कोमट, अन्नाचे कण शोषलेलं, दिवसभर हातात फिरणारं फडकं. सकाळी कच्च्या चिकनचं पाणी टिपलं, मग काकडीचा ओटा पुसला. स्वयंपाकघरातली इतर सगळी दुरुस्ती पुढे ढकलायची वेळ आली, तर मी आधी फडकी बदलेन: कच्च्या मांसासाठी वेगळी, शिजलेल्या अन्नासाठी वेगळी, पाळी संपली की उकळत्या पाण्यात.

चऱ्यांमध्ये जिवाणू एकेकटे बसत नाहीत. ते चिकट आवरण तयार करून त्याखाली थर धरतात. याला बायोफिल्म म्हणतात. वरून नुसतं जंतुनाशक मारलं तर ते वरच्या थराशीच संपतं. म्हणून क्रम असा: आधी साबण आणि घासणी, मग भरपूर पाणी, शेवटी क्लोरीन. हा क्रम मी भिंतीवर लावलेला आहे, तरी स्प्रेची बाटली हातात आली की घासणं विसरलं जातं. चरे फार खोल असतील तर बोर्ड फेकून द्यावा. तिथं घासून उपयोग नाही.

हातांचे स्वॅब घेताना भाजीवाल्या मावशी शेवटी येतात आणि उजवा हात पदराखाली धरतात. बोटावर विळी लागली आहे, चिंधी बांधली आहे, चिंधीच्या कडेला पिवळसर ओल दिसते. पिकलेल्या जखमेत स्टॅफ असण्याची शक्यता मोठी. निरोगी माणसांपैकीही साधारण चौघांत-पाचांत एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, त्यामुळे तो कुणा घाणेरड्या माणसाचा जिवाणू आहे असं समजू नये. मावशींना मी बाजूला घेऊन विचारते, सांगितलं का नाही? त्या म्हणतात, “ताई, सांगितलं तर घरी पाठवत्यात. रोजावर हाय मी.”

यावर कुठलंही माध्यम, कुठलंही किट काम करत नाही. जखम सांगणाऱ्याची मजुरी कापली जात असेल तर जखमा लपवल्या जाणार आणि पनीर त्याच हातांनी कापलं जाणार. कॅन्टीनच्या व्यवस्थापकांना मी स्पष्ट सांगते: मावशींना डॉक्टरकडे पाठवा, बरं होईपर्यंत भांड्यांच्या हिशेबाचं किंवा सामान उतरवून घेण्याचं काम द्या, रोज पूर्ण द्या. हे माझ्या रिपोर्टच्या चौकटीत बसत नाही, पण शेरा म्हणून मी ते लिहिते आणि लिहीत राहीन.

मग भात. मोठा टोप, वर झाकण, बाजूला पलटा. तापमानाची सळई मध्यभागी खोल खुपसते: ४१ अंश.

“काका, हा कधीचा?”

“चारला शिजला. पहिल्या पाळीचा नाश्ता, मग जेवण. उरंल तो रातच्या पाळीला फोडणीचा.”

पहाटे चार ते पावणेअकरा. ६० अंशांच्या वर अन्न गरम राहिलं तर जिवाणू वाढत नाहीत, ५ अंशांच्या खाली गेलं तर बहुतेकांची वाढ थांबते किंवा फार मंदावते. मधला सगळा पट्टा त्यांचा. आणि मोठ्या टोपातला भात या पट्ट्यातून अतिशय सावकाश खाली येतो, कारण मधला भाग बाहेरच्या भातानंच झाकून ठेवलेला असतो. काकांनी झाकण ठेवलं ते माशी बसू नये म्हणून, चांगल्या मनानं. त्यांना मी उथळ परातींत, दोन इंचांहून जाड थर न होईल असा भात पसरायला सांगते, म्हणजे तो लवकर निवतो आणि मग फ्रीजमध्ये जाऊ शकतो. नाहीतर गरमच ठेवायचा असेल तर ६० च्या वर, गरम पाण्याच्या बेन-मरीत. भाताचं सॅम्पल बर्फाच्या पेटीत घालून निघते.

दुपारी १.४५

वाहतुकीत अडकून परत. डबा खाते. प्लाझ्माच्या नळ्या तिरक्या करून पाहते: पाचही दह्यासारख्या गोठल्या आहेत. खव्याचा रिपोर्ट लिहायला घेते.

दुपारी २.१५

२५ ग्रॅम भात, २२५ मिलिलिटर पेप्टोन वॉटर, निर्जंतुक पिशवी, स्टोमॅकर. यंत्राचे दोन पाय पिशवी आळीपाळीनं तुडवतात, भात फुटून दुधाळ होतो. मग दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत प्लेटवर.

भातातला मुख्य संशयित बॅसिलस सेरियस. तो मातीतला जिवाणू, तांदळाबरोबर स्वयंपाकघरात येतो. अडचण अशी की तो बीजाणू धरतो, आणि भात शिजण्याच्या उष्णतेत इतर जिवाणू मरतात तेव्हा त्याचे बीजाणू जगतात. उलट त्या उष्णतेनं ते जागे होतात. भात कोमट झाला की समोर ताट वाढलेलं आणि वाटेकरी कुणी नाही. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी उपाहारगृहांतल्या परतलेल्या भातानं लोक आजारी पडू लागले, तेव्हा हाच क्रम उघड झाला: भात आदल्या दिवशी उकडायचा, बाहेरच ठेवायचा, दुसऱ्या दिवशी अंड्याबरोबर झटपट परतायचा. आपला फोडणीचा भात याहून वेगळा नाही.

उलट्या घडवणारं त्याचं विष सेरुलाइड. ते स्टॅफच्या विषाहूनही चिवट. आमचा ऑटोक्लेव्ह १२१ अंशांना पंधरा मिनिटांत बीजाणूंसकट सगळं संपवतो. सेरुलाइड १२१ अंशांना दीड तास टिकतं. मग कढईत मोहरी तडतडून, कढीपत्ता टाकून पाच मिनिटं परतलेल्या भाताची काय कथा. हा आकडा मी काकांना सांगितला तेव्हा त्यांनी हातातला झारा खाली ठेवला होता.

या जिवाणूचं दुसरंही रूप आहे, जुलाब करणारं. नॉर्वेत १९५० च्या दशकात स्टाइनार हाउगे या संशोधकांनी व्हॅनिला सॉसमध्ये हा जिवाणू मुद्दाम वाढवला आणि तो सॉस स्वतः प्यायले, कारण त्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. अर्ध्या दिवसानंतर त्यांचं पोट बिघडलं आणि शंका मिटली. त्याआधी, १९१४ साली, फिलिपिन्समध्ये बार्बर यांनी कासदाह झालेल्या गायीचं कोमट ठेवलेलं दूध पिऊन स्टॅफबद्दल तेच केलं होतं. या विद्येतला कितीतरी भाग कुणाच्या तरी स्वतःच्या पोटातून आलेला आहे. भाताची एमवायपी प्लेट ३० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवताना मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

दुपारी ४.००

डिस्कचं काम. दिवसातलं हे काम ग्राहक मागत नाहीत. अन्नाच्या मानकांत जिवाणूंच्या संख्येला मर्यादा आहे, पण तो जिवाणू कोणत्या औषधाला दाद देत नाही हे मानक विचारत नाही. आम्ही ते आमच्या समाधानासाठी आणि नोंदीसाठी पाहतो.

गेल्या फेरीत एका मेसच्या चॉपिंग बोर्डावरून मिळालेला स्टॅफ काल म्युलर-हिंटन अगारवर पसरला होता, वर औषधांच्या कागदी चकत्या. आज प्रत्येक चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीनं मोजायचं. शेजारी नेहमीचा प्रमाण जिवाणू: त्याचं सेफॉक्सिटिनचं वर्तुळ २३ ते २९ मिलिमीटरांत यायला हवं, २६ आलं, म्हणजे चकती आणि माध्यम ठीक. बोर्डावरच्या स्टॅफचं वर्तुळ १५. २१ किंवा त्याखाली म्हणजे प्रतिरोधक. पेनिसिलिनच्या चकतीला तर जिवाणू जवळजवळ चिकटून वाढला आहे. हा एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ.

मेथिसिलिन १९५९ साली वापरात आलं आणि १९६१ मध्येच इंग्लंडमधून त्याला न जुमानणाऱ्या स्टॅफची नोंद झाली. तेव्हा तो रुग्णालयाचा जिवाणू मानला जाई. आता तो रुग्णालयाबाहेर, जनावरांच्या गोठ्यात, खाटकाच्या ठोकळ्यावर जगभर सापडतो. गोठ्याचा मार्ग आपल्या लोकांना समजावा असा आहे. गायीला दगडी, म्हणजे कासदाह, झाली की सडात प्रतिजैविक सोडतात. औषधाच्या पत्रकात किती दिवस दूध विकू नये ते लिहिलेलं असतं. ते दिवस पाळले नाहीत तर दुधाबरोबर औषधाचा अंश जातो. औषध अर्धवट सोडलं तर कासेत चिवट स्टॅफ उरतो आणि तोही दुधात उतरतो. भारतात २०१९ साली कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांना आणि इतर खाद्य जनावरांना द्यायला बंदी आली. ती योग्य होती, आणि असे निर्णय आणखी हवेत.

आमची ज्युनिअर विचारते, “मॅडम, पण विषबाधेला अँटिबायोटिक लागतच नाही ना? मग हा प्रतिरोधक असला काय, नसला काय?”

प्रश्न बरोबर आहे आणि त्यातच खरी गोष्ट आहे. अन्नात तयार झालेल्या विषानं उलट्या होतात तेव्हा प्रतिजैविकाचा काही उपयोग नसतो, कारण ज्याला मारायचं तो पोटात कदाचित नाहीच. पाणी, मीठ-साखर, ओआरएस, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर लगेच डॉक्टर. पण आपल्याकडे तीन उलट्या झाल्या की माणूस मेडिकलमध्ये जातो, चिठ्ठीशिवाय दोन गोळ्या मागतो, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात टाकतो. विष तसंही दिवसभरात ओसरणारच होतं. त्या गोळ्यांनी काम एकच केलं: त्याच्या आतड्यातल्या, नाकातल्या, कातडीवरच्या निरुपद्रवी जिवाणूंमधून चिवट तेवढे निवडून ठेवले. आणि जिवाणू प्रतिकाराचे जनुक एकमेकांना देतात, एका जातीतून दुसऱ्या जातीतही. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेतल्या पेनिसिलिनच्या या धोक्याबद्दल बजावलं होतं.

बोर्डावरचा हा स्टॅफ कदाचित कुणाला ओकायला लावणार नाही. पण तो कापणाऱ्याच्या हाताला लागेल, हातावरून घरच्या पोराच्या गुडघ्यावरच्या खरचटलेल्या जागी जाईल, आणि त्या मुलाचं गळू दवाखान्यातल्या पहिल्या औषधानं बरं होणार नाही. सकाळच्या मावशी मला इथे आठवतात. त्यांच्या बोटाचा स्वॅब उद्या प्लेटवर येईल. निकालाबरोबर औषधांचा हा तक्ताही मी त्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचवणार आहे.

संध्याकाळी ५.४५

वापरलेल्या प्लेट लाल पिशव्यांत, पिशव्या ऑटोक्लेव्हमध्ये. एमआरएसएची एक कॉलनी ग्लिसेरॉलमध्ये, खोल थंडीच्या फ्रीजला. टेबल पुसते, त्याच क्रमानं: साबण, पाणी, जंतुनाशक. हात कोपरापर्यंत.

संध्याकाळी ६.३०

चाकणहून काकांचा फोन. “मॅडम, भात निम्मा टोप उरलाय. रातच्या पाळीला फोडणी द्यायची वेळ झाली. तुमची प्लेट काय म्हणती?”

प्लेटला जेमतेम चार तास झालेत. ती उद्या दुपारी बोलेल, तेव्हा रात्रपाळी जेवून घरी गेलेली असेल. मी त्यांना प्लेटबद्दल काही सांगत नाही, घड्याळाबद्दल सांगते. चारला शिजला, पावणेअकराला ४१ अंश होता, आता साडेसहा. चौदा तासांवर झाले. फोडणीनं काही होणार नाही, टाकून द्या आणि ताजा लावा.

“निम्मा टोप हाय, मॅडम. साहेब बोलत्यात.”

“साहेबांना फोन द्या.”

व्यवस्थापक फोनवर येतात. अन्न वाया जातं याचं त्यांना वाईट वाटतं आणि मला त्यात काही चूक दिसत नाही, मलाही वाटतं. पण उपाय तो भात वाढण्यात नाही, पहाटे एवढा न शिजवण्यात आहे: प्रत्येक पाळीसाठी वेगळा, लहान टोपात, जेवणाच्या तासभर आधी. गॅस थोडा जास्त लागेल. ते क्षणभर हिशेब करतात आणि विचारतात, “हे लेखी द्याल? वर दाखवायला लागेल.”

देते म्हणाले. कॉम्प्युटर बंद केलेला पुन्हा चालू केला. भाताच्या पाळ्या, परातीतला थर, वेगवेगळी फडकी, जखम झालेल्याला पूर्ण रोज, असं चार परिच्छेदांत लिहिलं आणि ७.१० ला मेल पाठवला. काकांचा मेसेज त्याआधीच आला होता: भात टाकला, नवीन कुकर लावला, रात्रपाळी अर्धा तास उशिरा जेवेल.